मुक्या गावाची आनेले

आनेले गेली आणि आठवड्याभरानं तिच्या बहिणीचा, व्हालेरियाचा, दोनातला फोन आला. चर्चच्या महिन्याच्या पत्रकात तिच्याबद्दल चार ओळी द्यायच्या होत्या.

"मी लिहू?" दोनात म्हणाला. "मला कुठे लिहिता येतं?"

"एवढी वर्षं एका खोलीत बसलात ना दोघं? तिचं ऑफिसातलं मला काही माहीत नाही. काही चांगलं असेल तर लिहा. नसेल तर आम्ही तारखा टाकतो."

फोन ठेवल्यावर म्हातारा दोनात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून राहिला. आनेलेबद्दल आपल्याला काय माहीत आहे, याचा तो हिशेब करू लागला आणि हिशेब फार लवकर संपला. तिनं लग्न का केलं नाही, माहीत नाही. देवाला मानायची का, माहीत नाही. चर्चला जायची, पण तसं तर ह्या लाटगाले भागात सगळेच जातात. कशाला घाबरायची, कुणाची आठवण काढून रडायची, रडायची तरी का, हेही माहीत नाही. चहाचं पाणी उकळेपर्यंत ती अंगातला कोट काढत नसे, ऑफिसात आल्यावर बूट बदलून मऊ चपला घालत असे, आणि डब्यात काळा पाव, चीज आणि खारातली एक काकडी असे. काकडी ती खिडकीकडे तोंड करून खायची, आवाज होतो म्हणून. एवढंच. आणि तिचं काम. कामाबद्दल मात्र त्याला सांगता आलं असतं.

ते काम सांगायला सोपं आणि करायला नकोसं. मागास भागांच्या विकासासाठी युरोपचा पैसा येतो, सात-सात वर्षांच्या फेऱ्यानं. रस्ते होतात, कारखान्यांसाठी तयार शेड उभ्या राहतात, तळ्याकाठी पाहुण्यांसाठी घरं होतात. फेरा संपत आला की कुणीतरी जाऊन बघावं लागतं, की ह्यातून खरंच कुणाचं काही भलं झालं का. प्रादेशिक नियोजनाच्या ऑफिसात तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत ही दोघं हेच बघायची. दोनात आकडे सांभाळायचा, आनेले माणसांकडे जायची.

तिचा प्रश्न एकच असायचा. दोनात तिला कधी कधी गाडीनं न्यायचा, तेव्हा त्यानं तो ऐकला होता. एकदा तळ्याकाठच्या एका घरी ब्रोन्या नावाच्या जाड्या बाईनं त्यांना नवं वाफेचं न्हाणीघर दाखवलं. दारावर युरोपच्या निळ्या झेंड्याची पाटी. आनेलेनं सगळं पाहिलं, लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे पैसे आले नसते तर तुम्ही काय केलं असतं?"

"काय केलं असतं म्हणजे? रडत बसलो असतो बाई!"

आनेले थांबली. ती नुसती थांबायची. तिचं थांबणं फार वाईट होतं; समोरच्याला बसायला नीट जागा मिळत नाही असं वाटायचं.

"म्हणजे न्हाणीघर आम्ही बांधणारच होतो म्हणा," ब्रोन्या म्हणाली. "लाकूड पडलंच होतं. नवऱ्यानं पायाही खणला होता."

"आणि पाहुणे?"

"पाहुणे कुठे आलेत अजून! तुम्हीच पहिल्या. अंघोळ करून जाता का?"

आनेले हसली. ती हसायची तेव्हा दात दिसत नसत. गाडीत बसल्यावर तिनं फक्त म्हटलं, "न्हाणीघर झालंच असतं. पाटीचं श्रेय मात्र पैशाला द्यायला हवं."

पण एकेका माणसाला विचारून पूर्ण भाग कळत नाही. एखाद्या गावाला पैसे दिले आणि ते सुधारलं, तर ते पैशानं सुधारलं की तसंही सुधारणारच होतं? हे कळायला त्याच्यासारखंच दुसरं गाव शोधतात, ज्याला काहीच मिळालेलं नाही. दोन गावांत जो फरक पडेल, ती पैशाची करामत. त्या दुसऱ्या गावाला ऑफिसात 'मुकं गाव' म्हणत. त्याला कुणी काही विचारत नसे, तिथं कुणी जात नसे, आणि आपण मुके आहोत हे त्या गावालाही ठाऊक नसे.

एका फेऱ्यात मोठा पैसा गेला झिल्डावा ह्या लहानशा गावाला. तिथं एक लांबलचक शेड बांधली, तिच्यात फर्निचरचा कारखाना आला, जुन्या इमारतींना रंग लागला. झिल्डावासाठी मुकं गाव शोधायचं काम दोनातच्या संगणकाचं होतं. तशीच माती, तशीच घरं, तेवढीच म्हातारी माणसं, तसंच तळं, असं सगळं जुळवत यंत्रानं एक नाव पुढे केलं. एझेरगाला. झिल्डावाच्याच तळ्याचं दुसरं टोक. दोन्ही गावं सख्ख्या भावांसारखी सारखी.

"हे बघा, किती छान जुळतंय," दोनात म्हणाला.

आनेले त्याच्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे पाहत होती. "बरं," ती म्हणाली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. त्या दिवशी तिनं काकडी खाल्ली नाही, हे दोनातला नंतर आठवलं. तेव्हा त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

वर्षं गेली. फेरा संपत आला आणि आकडे आले ते डोळ्यांत भरण्यासारखे. झिल्डावात माणसं वाढली होती, कामं वाढली होती, बालवाडीत जागा नव्हती. एझेरगाला मात्र ओसरत चाललं होतं. दोन्हींतला फरक पाहून ऑफिसच्या प्रमुख इंगुनाबाई स्वतः खाली आल्या, मधाचा केक घेऊन.

"दोनात, आनेले, राजधानीत, रिगात, मी हे दाखवलं तर त्यांचा विश्वास बसणार नाही! पूर्ण भागात एवढा परिणाम कुठे नाही. पुढच्या फेऱ्यात आपल्याला कोण अडवतंय आता?"

"बघू," आनेले म्हणाली.

"बघू काय बघू! केक तरी खा. तुझ्याकडे पाहून वाटतं कुणी मेलंय."

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा आनेले बाहेर गेलेली असताना तिच्या टेबलावरचा फोन वाजला आणि दोनातनं उचलला. बाईचा आवाज होता, वर्गात बोलायची सवय असलेला.

"आनेले आहे का? मी तिची बहीण. एझेरगालाहून."

दोनातनं निरोप घेतला आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्याचा हात फोनवरच राहिला. आनेले आल्यावर त्यानं तिला सांगितलं, "तुमच्या बहिणीचा फोन होता. शाळेबद्दल."

तिनं कोट काढला. पाणी अजून उकळलं नव्हतं.

"आता तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "आपल्या गावाचं मूल्यमापन आपण करायचं नाही, असा नियम आहे. मोडलाय मी. वर जाऊन सांगायचं असेल तर सांगा."

"मी कशाला सांगू?" दोनात म्हणाला. "पण तुम्ही तेव्हाच बोलला असता तर दुसरं गाव शोधलं असतं."

"म्हणून तर बोलले नाही. त्या गावाचं नाव आजवर कुठल्या कागदावर आलं नाही दोनात. म्हटलं, मुकं म्हणून का होईना, येऊ दे. सगळं आटत गेलं तर निदान कुणीतरी ते मोजलेलं असेल."

मग तिनं शाळेचं सांगितलं. व्हालेरिया एझेरगालाच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. पोरं थोडी उरली होती. शरद ऋतूत मंत्रालय ठरवणार होतं की कुठल्या शाळा ठेवायच्या आणि कुठल्या मिटवायच्या, आणि ते ठरवताना विकासाचे अहवाल समोर घेणार होतं. शाळा गेली की बस जाते, बस गेली की दुकान जातं, मग जी चार तरुण घरं आहेत तीही जातात. लाटगालेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"बहीण विचारत होती, तुझ्या कागदात आमचं काही आहे का," आनेले म्हणाली. "काय सांगू? की तुम्ही जितके आटाल तितका आमचा आकडा छान दिसतो?"

जुलैत एझेरगालाच्या दफनभूमीचा उत्सव होता. रविवारी बस नसते, म्हणून आनेलेनं दोनातला विचारलं, न्याल का. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. तो धुतलेला शर्ट घालून गेला.

लाटगालेत गाव रिकामं झालं तरी त्या एका दिवशी भरतं. जिथं जिथं पांगली असतील तिथून माणसं आपल्या मेलेल्यांकडे येतात. थडग्यांवरची वाळू रेघोट्या ओढून सारखी केलेली, फुलं ताजी, पाद्री माइकवर नावं वाचतोय, आणि कुंपणाबाहेर गाड्यांची रांग लागलेली. प्रार्थना संपली की गवतावर चादरी पसरतात, धुरी दिलेले मासे निघतात, शेपू घातलेले बटाटे निघतात, आणि कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून घरची दारूही निघते.

व्हालेरियानं दोनातला बसायला उशी दिली. ती आनेलेपेक्षा लहान, पण बोलण्यात मोठी. "हे का तुमचे आकडेवाले? खा हो, लाजू नका. आमच्याकडे लाजणाऱ्याला मागून काही मिळत नाही."

येझुप नावाचा एक लाल मानेचा माणूस ग्लास घेऊन त्यांच्या चादरीवर येऊन टेकला. तो आनेलेबरोबर एका बाकावर शिकलेला.

"काय गं आनेले, अजून सरकारसाठी लोकांची कोंबडी मोजतेस?"

"तुझी मोजायची राहिली. तू कुठे असतोस आता?"

"कुठे म्हणजे? झिल्डावात. कारखान्यात. खुर्च्यांचे पाय करतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय, पाय. स्वप्नात पण पायच येतात, बाई येत नाही."

"आणि आन्तोनिया?"

"तीही तिथंच. पॉलिश करते. तिची पोरगी बालवाडीत." येझुपनं ग्लासानं आजूबाजूला दाखवलं. "अगं, हे सगळे तिथंच की! व्हित्सुपची दोघं पोरं, दुधाच्या केंद्रावरचा काझिमीर, दुकानवाली सुद्धा. शेडच्या जेवणाच्या सुट्टीत बसलं की वाटतं एझेरगालाची ग्रामसभा भरलीय."

आनेलेच्या हातातला बटाटा तसाच राहिला. दोनातनं तिच्याकडे पाहिलं आणि मग त्याला खाली पाहावं लागलं.

"येझुप," ती म्हणाली, "ती शेड झाली नसती तर तू काय केलं असतंस?"

"झाली नसती तर?" येझुप हसायला गेला. पण ती थांबली होती, तिच्या त्या थांबण्यानं. "इथंच असतो की. दुधाचं केंद्र चालू होतं, मी ट्रक चालवत होतो. सगळे गेले म्हणून केंद्र बंद पडलं. केंद्र बंद पडलं म्हणून मी गेलो." त्यानं ग्लास संपवला. "आई गेली तेव्हा मी रात्रपाळीला होतो. ती पलीकडे आहे बघ, पिवळ्या फुलांखाली."

परतताना तळ्याला वळसा घालून रस्ता झिल्डावावरून जात होता. रंगवलेल्या इमारती, खिडक्यांत फुलं. आनेले बोलली ती झिल्डावा मागे पडल्यावर.

"दोनात, आपण एकच माणूस दोनदा मोजला. येझुप झिल्डावात आला, तो पैशाचा फायदा. येझुप एझेरगालातून गेला, ते पैसे न मिळाल्याचं नुकसान. आणि दोन्हींतला फरक घेऊन आपण केक खाल्ला."

"सगळेच काही तिथून आले नसतील," दोनात म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"तुम्ही काढून बघा."

त्यानं काढून बघितलं. सगळे नव्हते, पण बरेच होते. तळ्याच्या एका टोकाचं पाणी दुसऱ्या टोकाला ओतलं होतं आणि तळं भरलं म्हणून लिहून ठेवलं होतं.

इंगुनाबाईंनी ऐकून घेतलं. त्या काही वाईट बाई नव्हत्या. दार लावून घेऊन त्या हळू बोलल्या. "आनेले, हे तू मुख्य मजकुरात लिहिलंस तर रिगात काय वाचतील माहीत आहे? की लाटगालेत पैसा घातला आणि माणसं फक्त इकडची तिकडं झाली. मग पुढच्या फेऱ्यात आपल्याला कोण देणार? तळटीप घाल. शास्त्राला तळटीप पुरते."

"तळटीप कुणी वाचत नाही."

"म्हणूनच म्हणतेय ना बाई!"

"इंगुना, ते गाव आपण रिकामं केलंय. मुद्दाम नाही, पण आपणच केलंय. हे वर लिहिलेलं असेल तर कुणालातरी म्हणावं लागेल की आता त्याचं काही देणं लागतो आपण. निदान शाळा राहू द्या, असं तरी म्हणतील."

इंगुनाबाईंनी दोनातकडे पाहिलं, हा तरी काही बोलेल म्हणून. दोनातला कुणाच्या बाजूनं बोलायची कधी सवय नव्हती. तो म्हणाला, "आकडे तिचे बरोबर आहेत."

आनेलेनं ते मुख्य मजकुरात लिहिलं. नेहमीसारखं कोरडं, एक विशेषणही नाही: झिल्डावातील वाढीचा मोठा भाग हा एझेरगालातील कुटुंबं तिकडे गेल्यामुळे आहे, हे जाणं चालू आहे. पुढच्या ओळीत तिनं लिहिलं की त्या गावाला आधार मिळायला हवा आणि तिथल्या सोयी टिकवायला हव्यात. तिनं त्या दिवशी बहिणीला फोन केला. दोनात खोलीत आहे हे विसरून ती मोठ्यानं बोलत होती. "लिहिलंय गं! वरच्याच भागात लिहिलंय. हो, नावासकट!" दोन दिवसांनी बहिणीनं पाठवलेली चिजाची पाकिटं आली, त्यातलं एक तिनं दोनातच्या टेबलावर ठेवलं. दोनातला तिचे दात दिसले ते त्या आठवड्यात.

ऑक्टोबरात मंत्रालयाचा निर्णय आला. दोनातनं तो तिच्या आधी वाचला, ती पानं तिच्या टेबलावर ठेवली आणि किटली भरायला बाहेर गेला. नळ बराच वेळ चालू ठेवून तो तिथं उभा राहिला.

मंत्रालयानं तिचं वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. एझेरगालातील कुटुंबं झिल्डावाला जात आहेत आणि हे जाणं चालू आहे, असं मूल्यमापन सांगतं; सबब एझेरगालाच्या शाळेची गरज उरलेली नाही, मुलांची सोय झिल्डावात करावी. तिची पुढची ओळ त्यांनी घेतली नव्हती. आणि त्याच पानावर खाली होतं की झिल्डावानं मागितलेली दुसरी शेड सध्या मंजूर करता येत नाही, कारण पहिलीचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसतो.

दोनात परत आला तेव्हा आनेले कोट घालून बसली होती. घरी जायला नव्हे. नुसती कोट घालून बसली होती.

"छान वाक्य होतं," ती म्हणाली. "कुणालाही कुठेही बसेल असं."

"त्यांनी अर्धंच घेतलं."

"अर्धंच घेतात दोनात. मला ते माहीत असायला हवं होतं. हेच काम करते मी."

दुपारी फोन वाजला. आनेलेनं उचलला नाही, म्हणून दोनातनं उचलला.

"ती तिथं आहे ना?" व्हालेरिया म्हणाली. तिचा आवाज शांत होता, वर्ग संपल्यावरच्यासारखा. "असू दे, देऊ नका. फक्त सांगा, तिचं लिखाण वाचलं म्हणून. नावासकट होतं."

त्यानं हे आनेलेला सांगितलं नाही. आणि तिनं विचारलंही नाही.

पुढच्या जुलैतही दोनातनं तिला उत्सवाला नेलं. शाळेच्या खिडक्यांना आतून कागद लावलेले होते. वाळूवर रेघोट्या तशाच, फुलं तशीच, पाद्रीची नावांची यादी थोडी लांबलेली. आईवडिलांच्या थडग्यावर मेणबत्ती आधीच लागली होती. व्हालेरिया पहाटे येऊन गेली होती, असं कुणीतरी सांगितलं. आता ती झिल्डावाच्या शाळेत होती, पोरांचे कोट सांभाळायला आणि खेळाचे तास घ्यायला.

कुणी आनेलेला टाकून बोललं नाही. उलट ती चादरीजवळ गेली की लोक सरकून जागा देत, आणि मग ती जागा फार मोठी होई. येझुप ग्लास घेऊन आला, पण टेकला नाही. रखडलेल्या दुसऱ्या शेडमध्ये मुलाला लावायचं त्याच्या मनात होतं.

"आनेले," तो म्हणाला, "ह्या वेळी काही विचारू नकोस हं."

"नाही विचारत."

"मासा घे." त्यानं तिला मासा दिला आणि गेला. तिनं तो कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. गाडीत दिवसभर त्याचा वास येत राहिला, पण काच खाली करावी असं दोनातला वाटलं नाही.

त्यानंतर तिनं दीड-दोन वर्षं काम केलं. लोकांकडे ती जायची, पण तो प्रश्न विचारायची नाही. इमारत आहे का, पाटी आहे का, एवढं पाहून परत यायची. इंगुनाबाईंना ते अहवाल आवडायचे. पेन्शन सुरू झाली तशी तिनं शहरातली खोली सोडली आणि आईच्या रिकाम्या घरात राहायला गेली, एझेरगालाला. आणि नुसती गेली नाही, रहिवासी म्हणून आपलं नावही तिथं घातलं. एझेरगालाचं ऑफिस तोवर बंद झालं होतं, त्यासाठी झिल्डावाला जावं लागलं. तिथली मुलगी म्हणाली होती, "लोक तिथून नाव काढायला येतात, तुम्ही घालायला आलात? काही चुकत तर नाही ना बाई?" हे सांगताना आनेले हसली होती, पण दोनातला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

तिथं ती कशी राहत होती, हे त्याला नीटसं माहीत नाही. रस्त्याच्या वळणावर क्रूस आहे, तिथं मे महिन्यात संध्याकाळी बायका जमून मेरीची गाणी म्हणतात. त्या वर्षी तिथं ती आणि तिच्याहूनही म्हातारी एक शेजारीण, एवढ्या दोघीच होत्या, असं व्हालेरियानं नंतर सांगितलं. तेही तिला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. बहिणी एकमेकींशी पुन्हा बोलल्या का, हे दोनातनं विचारलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, मोठा बर्फ पडला तेव्हा ती गेली. पोस्टवाली आली तेव्हा तिला सापडली; तोवर थोडे दिवस झाले होते, कारण पोस्टवाली आता रोज जात नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. दोनातला त्यातलं कळत नाही.

पत्रकातल्या चार ओळींसाठी कागद पुढे ओढल्यावर दोनातला आठवली ती त्याआधीच्या शरद ऋतूतली भेट; ती एकदा शहरात आली होती, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. दोनात बाजारातून दूध घेऊन परतत होता आणि बसस्टँडवर त्याला ती दिसली, बाकावर बसलेली, मांडीवर पत्र्याची नवी बादली. तो तिच्याशेजारी टेकला. बरेच दिवसांनी भेटलेल्या माणसांसारखी ती दोघं आधी हवेबद्दल बोलली. मग बस आली. उतरायला कुणी नव्हतं, चढायला ती एकटी. दोनातनं बादली धरली.

"विहिरीसाठी?" त्यानं विचारलं.

"हो. जुनी गळते. अर्धं पाणी वर येईपर्यंत खाली जातं."

"जड आहे. चांगला पत्रा आहे."

"चांगला आहे. द्या इकडं."

"पुढं बसा. मागं थंडी असते."

"पुढंच बसते. तुम्ही जा आता, तुमचं दूध नासेल."